फुग्यांचा तक्ता

आमच्या शाळेत गणपतीच्या खालोखाल मान वाढदिवसाला आहे. ज्याचा वाढदिवस असेल त्याने त्या दिवशी युनिफॉर्म घालायचा नाही, रंगीत कपडे घालून यायचं. प्रार्थना झाली की त्याला स्टेजवर बोलावतात आणि सगळी शाळा टाळ्या वाजवत गाणं म्हणते. मग ऑफिसमधून एक कार्ड निघतं. मुलाचा फोटो, पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, जन्मतारीख सालासकट, कोपऱ्यात शाळेचं बोधचिन्ह. ते कार्ड पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतं, तिथून आईच्या स्टेटसला, मग मामाच्या, आणि पुढे कुठे कुठे जातं ते देव जाणे. शिवाय प्रत्येक वर्गाच्या मागच्या भिंतीवर फुग्यांचा तक्ता असतो. एकेका महिन्याचा एकेक फुगा आणि त्यात त्या महिन्यात जन्मलेल्या मुलांची नावं आणि तारखा. मोठ्या बाईंची, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांची, ही फार लाडकी कल्पना. तपासणीला कुणी साहेब आले की आधी फुगे दाखवतात.

मी विश्रांतवाडीतल्या या शाळेत कॉम्प्युटर शिकवते, आणि सहावी ते आठवीला शनिवारचा एक तास ‘सायबर सुरक्षा’ म्हणून घेते. हा तास माझ्या गळ्यात पडला, कारण वरून पत्रक आलं आणि शाळेत कॉम्प्युटरची मी एकटीच. पुस्तक नाही, परीक्षा नाही, मार्क नाहीत. ज्याला मार्क नाहीत त्याला आमच्याकडे विषय म्हणत नाहीत. त्यामुळे स्नेहसंमेलनाची प्रॅक्टिस, डोळ्यांची तपासणी, आधार कार्डाच्या झेरॉक्स गोळा करणं, सगळं माझ्याच तासाला. उरलेल्या वेळात मी मुलांना जगापासून वाचवायचं.

तरी मी जीव तोडून शिकवायचे. अनोळखी लिंक आली तर काय करायचं, गेम खेळताना कुणी ‘फोटो पाठव’ म्हणालं तर कुणाला सांगायचं, मैत्रिणीच्या नावाने भलताच माणूस कसा बोलतो. लॅबमध्ये एक शिस्त मी हट्टाने लावली होती. कुणी पासवर्ड टाकायला बसलं की आजूबाजूच्यांनी तोंड फिरवायचं. सुरुवातीला मुलं हसायची, मान इतकी वळवायची की खुर्चीवरून पडतील. नंतर सवय झाली. आता कुणी कीबोर्डवर हात ठेवून नुसतं बघितलं तरी शेजारचा खिडकीकडे वळतो.

ही गोष्ट सातवीच्या वर्गातली. त्या शनिवारी लॅबचं कुलूप बिघडलं होतं, म्हणून तास वर्गातच घेतला. पासवर्डचा धडा होता. मी म्हटलं, समजा तुम्हाला माझं अकाउंट उघडायचंय, तर काय काय टाकून बघाल? भराभर हात वर झाले. तुमचं नाव. तुमचा वाढदिवस. तुमच्या मुलाचं नाव. स्कूटरचा नंबर. बघता बघता फळा भरला. ‘शाब्बास, पाच मिनिटांत सगळे चोर झालात,’ मी म्हटलं, आणि वर्ग खिदळला. मग मी त्यांना शिकवलं की फक्त आपल्याला माहीत असलेलं एक वाक्य मनात धरायचं आणि त्याच्या अक्षरांचा पासवर्ड करायचा. तो कुणालाही सांगायचा नाही. मैत्रिणीला नाही, दादाला नाही, मलासुद्धा नाही. हे मी सांगत होते तेव्हा मुलांच्या पाठीमागे, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर, फुग्यांचा तक्ता लटकत होता.

आता तो तक्ता माझ्या डोळ्यांत का खुपायचा ते सांगते. शाळा बंद होत्या त्या काळात आमच्याकडे गृहपाठाचं एक अ‍ॅप आलं, ते अजून चालू आहे. गृहपाठ त्यावर, सूचना त्यावर, वर्गाच्या गप्पाही त्यावर. सगळ्या मुलांचे पासवर्ड ऑफिसने ठरवले. इंग्रजीत मुलाचं नाव आणि पुढे जन्मतारीख. का, तर पालक विसरले आणि ऑफिसला फोन केला तर क्लार्कला लगेच सांगता यावं. डायरीत सूचनाच छापली होती, ‘पासवर्ड बदलू नये.’ म्हणजे शनिवारी मी सांगणार बदला, आणि सोमवारी डायरी सांगणार बदलू नका. मी ऑफिसात जाऊन भांडले होते. क्लार्क म्हणाले, ‘मॅडम, बदला की. फोन उचलायला तुम्ही बसा.’ मोठ्या बाई म्हणाल्या, ‘अहो, सातवीच्या मुलाच्या गृहपाठात कोण चोरी करणार आहे?’

त्या वर्गात दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. चौथीत असताना अमरावतीकडून आली होती. वडील चाकणला कारखान्यात. पहिल्या दिवशी ‘मॅडम, मले समजलं नाही’ म्हणाली आणि वर्ग फुटून हसला. पोरीने असा काही कानाला खडा लावला की सहामाहीपर्यंत तिची भाषा सदाशिव पेठेला लाजवील इतकी शुद्ध झाली. बिनमार्काच्या माझ्या तासाला वही काढून लिहिणारी ती एकटी. मला ती आवडायची, उगाच कशाला लपवू.

तिच्या वडिलांनी पालकसभेत मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. आजीला नात गावाकडे हवी होती. पोरीचा हट्ट म्हणून त्यांनी तिला इथे ठेवली होती. ‘पण मॅडम, शहरात पोरीबद्दल काही वाकडंतिकडं ऐकू आलं, तर मी नाही ठेवणार जी. गावाकडं धाडून देईन.’ गावातली शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा तालुक्याला, आणि तिच्या चुलतबहिणीचं शिक्षण त्या एसटीच्या प्रवासापायीच सुटलं होतं. हे सगळं ते सांगत असताना मुलगी शेजारी उभी होती आणि मी नीट ऐकतेय ना हे बघत होती.

पासवर्डच्या धड्यानंतरच्याच रविवारी, दुपारी, अ‍ॅपवरच्या वर्गाच्या गप्पांत एक ओळ आली. वर्गशिक्षकांबद्दल, अतिशय घाणेरडी. मी ती इथे लिहिणार नाही. ती आली होती त्या मुलीच्या अकाउंटवरून, तिच्या नावाने, तिच्या फोटोसकट. संध्याकाळच्या आत तिचा स्क्रीनशॉट पालकांच्या ग्रुपवर. मग काय विचारता. काढून टाका, दाखला हातात द्या, आमच्या मुलांवर काय संस्कार होणार. एका ताईंनी लिहिलं, ‘अशा घरातल्या मुलांकडून दुसरी काय अपेक्षा?’ अशा म्हणजे कशा, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लिहिलं, ‘ताई, कशा घरातल्या ते जरा समजावून सांगा, मला नीट कळलं नाही.’ त्यावर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि ताई गप्प बसल्या.

सोमवारी ती ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलेली दिसली. मी तिला लॅबमध्ये घेऊन गेले. रडत नव्हती. म्हणाली, ‘मॅडम, मी नाही लिहिलं. आणि मी पासवर्ड कुणाला सांगितला नाही.’ मी विचारलं, तुझा पासवर्ड काय आहे?

ती खाली बघून म्हणाली, ‘तुम्हीच सांगितलंय. तुम्हालासुद्धा सांगायचा नाही.’

मला त्या अवस्थेतही हसू आलं. मी म्हटलं, बरं, नको सांगूस. मी सांगते. तुझं नाव आणि तुझी जन्मतारीख. तिने झटकन मान वर केली. ‘मी बदलणार होते मॅडम. वाक्यसुद्धा ठरवलं होतं. पण डायरीत लिहिलंय बदलू नका.’ ती दोन्हीकडचं ऐकणारी मुलगी होती. माझंही आणि ऑफिसचंही. तिथेच मार खाल्ला तिने.

मी तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्यांच्या भिंतीवर अख्ख्या शाळेच्या वाढदिवसांचा मोठा तक्ता आहे. मी म्हटलं, बाई, तुमचा कॉम्प्युटर जरा वापरते. तक्त्यावरचं एक नाव घेतलं, तारीख घेतली, साल इयत्तेवरून अंदाजाने धरलं. अ‍ॅप उघडलं. पाचवीतल्या एका मुलाचा गृहपाठ, त्याचे फोटो, त्याच्या आईचा फोन नंबर, सगळं समोर. तो बाईंचा नातू होता. मी मुद्दामच त्याचं नाव घेतलं होतं. माझा स्वभाव वाईट आहे.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता पटलं. त्यांनी विचारलं, ‘हे आणखी कुणाला दाखवलंत?’

नाही म्हटलं.

‘मग दाखवू नका. हे बाहेर गेलं तर सगळे पालक इथे ठाण मांडून बसतील. त्या मुलीकडून दोन ओळींची माफी लिहून घ्या, मी सर्वांना सांगते की विषय मिटला. तिला इथे शिकायचंय ना? ती तुमचं ऐकते.’

मी म्हटलं, तिने केलेलं नाही. अ‍ॅपच्या कंपनीला पत्र लिहा, कुठल्या फोनवरून उघडलं ते त्यांना कळतं. बाई म्हणाल्या, पत्र लिहायचं म्हणजे कारण लिहावं लागेल. मग अगदी शांत आवाजात, ‘आणि मॅडम, पासवर्डचा अंदाज कसा लावायचा हे शनिवारी फळ्यावर कोणी लिहिलं होतं?’

‘मी कुलूप लावायला शिकवलं,’ मी म्हटलं, ‘किल्ली तुम्ही भिंतीवर टांगली.’ असं फाडकन उत्तर देऊन मी बाहेर आले. उत्तर बरोबर होतं. तरी जिना उतरताना मी मनात त्यांना पुन्हा पुन्हा उत्तर देत होते. कारण त्यांचं वाक्य मला लागलं होतं.

त्याच दिवशी मी सातवीवर गेले. रागावले नाही. म्हटलं, ज्याने केलं त्याने मला एकट्यात येऊन सांगावं, मी त्याचं नाव कुणाला सांगणार नाही, नाहीतर त्या मुलीची शाळा सुटेल. कुणी हललं नाही. एरवी हा वर्ग क्षणभर गप्प बसत नाही. मी एकेका चेहऱ्याकडे बघत गेले. सगळी माझी मुलं. त्यातल्या कुणातरी एकाने माझा धडा सगळ्यात नीट ऐकला होता. मला त्यांची भीती वाटली, हे मी पहिल्यांदाच कबूल करते. शिकवायला लागल्यापासून मुलांचा राग खूपदा आलाय, भीती कधी वाटली नव्हती. दोन दिवस मधल्या सुट्टीत लॅबमध्ये वाट बघत बसले. कुणी आलं नाही.

बुधवारी तिचे वडील आले. इस्त्रीचा शर्ट घालून, कामावरून अर्धा दिवस मागून घेऊन. बाईंच्या टेबलावर त्यांनी आपला फोन ठेवला. स्क्रीनवर बुद्धाचा फोटो होता. मुलगी याच फोनवर गृहपाठ करायची. ‘हा फोन रविवारी माह्यासंग होता जी. ड्यूटीवर. कंपनीत फोन गेटवरच जमा करा लागते. दिवसभर तिथंच होता.’

बाई म्हणाल्या, ‘अहो, अकाउंट कुठल्याही फोनवरून उघडतं.’

‘कुणालेही?’

बाईंनी फोन त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, हे बघा, मुलांच्या हातून होतं असं. माफी मागितली की संपलं. आम्हीही ताणणार नाही. वडील मुलीकडे वळले. त्यांना ते प्रकरण मिटवायचं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. ‘मागून टाक ना बेटा माफी. काय जाते आपलं?’

ती दारात उभी होती. म्हणाली, ‘म्या नाही केलं, बाबा.’

इतक्या वर्षांत शाळेच्या आवारात तिच्या तोंडून तो ‘म्या’ मी ऐकला नव्हता. मग माझ्याने राहवलं नाही. बाई हाताने खूण करत होत्या, मी तिकडे बघितलंच नाही. पासवर्ड कसे ठरतात, तक्त्यावर काय लिहिलंय, कार्ड कुठे कुठे जातं, डायरीत काय छापलंय, सगळं सांगितलं. भिंतीवरचा तक्ता दाखवला. ते उठून तक्त्यापाशी गेले आणि बोट फिरवत फिरवत मुलीचं नाव शोधलं. सापडलं तेव्हा बोट तिथेच ठेवून उभे राहिले.

‘म्हंजे सगळ्याच पोरींचं असं उघडते?’

हो, मी म्हटलं.

‘अन् हे शाळेले माहीत हाय?’

मी म्हटलं, हो.

त्यांनी मुलीला जवळ घेतलं, डोक्यावर हात ठेवला. ‘माही पोरगी खरी हाय,’ असं म्हणाले, कुणाला ते कळलं नाही. मला एकदम हलकं वाटलं. वाटलं, चला, सुटली पोर. आणि त्याच आवाजात ते बाईंना म्हणाले, ‘दाखला देऊन टाका जी.’

मी म्हटलं, अहो, तिची काही चूक नाही, आता तर सिद्धच झालं. ते म्हणाले, ‘तेच तर. चूक नसताना माफी माग म्हणतात इथं. उद्या खरंच कुणी तिच्या वाईटावर आलं, तं कोण उभं राहील? तुम्ही एकल्या?’

मी हो म्हणाले. त्यांनी मान डोलावली. विश्वास बसला नव्हता, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मी येरवड्याच्या एका शाळेचं सुचवलं, तिथे माझी ओळख आहे म्हटलं. ते म्हणाले, वर्षाच्या मध्ये कुठं नाचवू तिला, आता आजीकडं जाऊ द्या, पुढचं पुढं. मी खूप बोलले. आवाजही चढवला. मुलगी मधेच म्हणाली, ‘राहू द्या मॅडम.’ तिने माफी मागितली असती तर ती इथेच राहिली असती. मी तोंड बंद ठेवलं असतं तरी राहिली असती. हे गणित मी आजही करते आणि दर वेळी ते तेवढंच येतं.

क्लार्क दाखला तयार करत होते तोवर ती माझ्याबरोबर लॅबमध्ये आली. थोडा वेळ कॉम्प्युटरवर बसू का, असं विचारलं. मी बस म्हटलं. ती खिडकीजवळच्या मशीनवर बसली, कीबोर्डवर हात ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. सवयीने मी तोंड फिरवलं. बाहेर मैदानावर पाचवीची मुलं लंगडी खेळत होती. ती टाइप करत होती, थांबत होती, पुन्हा टाइप करत होती. मला तेव्हा रडू येत होतं, त्यामुळे मी बराच वेळ पाठमोरीच राहिले. मग खाली तिला हाक आली.

ती गेल्याचं ग्रुपवर कळलं तेव्हा एका गृहस्थांनी लिहिलं, ‘म्हणजे तिनेच केलं होतं तर.’ अंगठ्यांची रांग लागली. ज्याने केलं तोही त्या रांगेतल्या कुठल्यातरी घरात जेवत असेल. मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की झालं ते झालं, दिवाळीच्या सुट्टीत सगळे पासवर्ड बदलून घेऊ. तुमच्या मनासारखं होईल. माझी बोलती बंद व्हावी म्हणूनच ते सांगितलं होतं. दिवाळीनंतर मी क्लार्कना विचारलं, ‘झालं का?’ ते म्हणाले, ‘झालं म्हणून समजा.’

जानेवारीत एका सकाळी, मी पोळ्या करत असताना फोन वाजला. ग्रुपवर कार्ड आलं होतं. तिचा फोटो, दोन वेण्या, पूर्ण नाव, सातवी, तुकडी, जन्मतारीख, कोपऱ्यात शाळेचं बोधचिन्ह. दाखला दिला होता, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरमधून तिचं नाव काढायचं राहून गेलं होतं, आणि कार्ड आपोआप निघतं. बघता बघता शुभेच्छांचा पाऊस. केक, फुगे, हार. अनेक उत्तम आशीर्वाद. त्या ताईंनीही लिहिलं, ‘खूप मोठी हो बाळा.’ तव्यावरची पोळी करपली. मी ती तशीच काढून ठेवली आणि शाळेत गेले.

प्रार्थना चालू होती. मी लॅब उघडली. ऑफिसने खरंच पासवर्ड बदललेत का, एवढंच मला बघायचं होतं. तिचं नाव टाकलं, पुढे तारीख टाकली. लाल अक्षरांत आलं, ‘पासवर्ड चुकीचा आहे.’ मला खरंच बरं वाटलं. म्हटलं, उशिरा का होईना, केलं बाबा एकदाचं.

खात्री करावी म्हणून सातवीच्या रिकाम्या वर्गातला फुग्यांचा तक्ता काढून आणला आणि तिच्या शेजारी बसायची त्या मुलीचं नाव टाकलं. उघडलं. वर्गशिक्षकांच्या लाडक्या मॉनिटरचं टाकलं. उघडलं. मग मी तक्त्यावरची सगळीच नावं टाकत गेले, आणि एकेक मूल दार सताड उघडं टाकून बसलेलं सापडत गेलं. ऑफिसने काही बदललं नव्हतं. बदललं होतं फक्त तिने, त्या दिवशी, मी मैदानाकडे बघत असताना. माझा तास सगळ्या वर्गात एकीलाच कळला होता, आणि ती आता वर्गात नव्हती.